लिफ्टच्या पोकळीवरची फळी

लातूर जिल्हा झाला तेव्हा गावानं गुलाल उधळला. कलेक्टर आला, एसपी आला, त्यांच्या जिपा आल्या, जिपांमागं धूळ आली. पाणी तेवढं आलं नाही. जिल्हा झाल्यावरचे दोन्ही पावसाळे कोरडे गेले, आणि त्याच कोरड्यात मन्मथप्पा शेटनं गंजाच्या, म्हणजे धान्याच्या बाजाराच्या, मागच्या मोकळ्या जागेत नऊ मजल्यांची इमारत उभी करायला घेतली.

नऊ मजले म्हटल्यावर आधी कुणाचा विश्वासच बसला नाही. तोवर गावात तीन मजल्यांच्या वर काही गेलेलं नव्हतं, आणि तीन मजलेवाल्यालासुद्धा लोक माजलाय म्हणत. मन्मथप्पाची गंजात आडत होती, बापाचं नाव रेवणप्पा, म्हणून इमारतीचं नाव ठरलं रेवणप्पा चेंबर्स. ते नाव पाटीवरच राहिलं. गाव तिला नऊमजली म्हणू लागलं. आणि तिच्यात लिफ्ट बसणार होती. लिफ्ट म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक होतं ते ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना गंजातल्या चहाच्या टपरीवर बसून समजावून सांगत. पाळणा असतोय, बटण दाबलं की वर. मंग खाली कसं यायचं? दुसरं बटण. आणि लाईट गेली तर? याचं उत्तर कुणाजवळ नव्हतं, कारण लाईट रोजच जात होती.

इमारत चढत गेली तसं गावाचं तोंडही वाढत गेलं. औशाकडून येणाऱ्या एसटीतली माणसं गाव यायच्या आधीच खिडकीला लोंबायची आणि मजले मोजायची. कुणी सात मोजायचा, कुणी दहा, आणि स्टँडवर उतरेपर्यंत त्यांचं भांडण चालायचं. नांदेडचा माणूस कामाला आला की आमचा माणूस त्याला मुद्दाम गंजामागून न्यायचा. नांदेडवाला म्हणायचा, आमच्याकडं गोदावरी हाय. मग आमचा माणूस गप व्हायचा, कारण नऊमजलीत पोहता येत नाही. शिकलेले म्हणायचे प्रगती. देवळाच्या पारावरचे म्हातारे म्हणायचे, कळसाच्या वर माणसानं चूल नेली, आता कुठला पाऊस. एक शिंपी म्हणायचा, ढग अडवायला बांधलीय, अडकला एखादा तर खाली आपण बादल्या घेऊन उभं राहू. लोक हसायचे. घसा कोरडा असला तरी हसता येतं, आमच्या लोकांना तर जास्तच येतं.

नऊमजलीच्या पाठीला आमची गल्ली. पत्र्याची घरं, मधून उघडी नाली. गल्लीत सरजाबाई राहायची. गंजातल्या हमालांना भाकरी करून घालायचा तिचा धंदा. पहाटेपासून तिचा तवा तापायचा, आणि दुपारी हमाल तिच्या दारात रांगेनं बसून झुणका-भाकरी खायचे. तिचा ल्योक ग्यानोबा ट्रकवर होता. सोलापूर, हैदराबाद, कुठं कुठं. महिन्यातून एखादी रात्र घरी. घरात सून, सिंधु. अर्धापूरची पोर. अर्धापूर म्हणजे केळीचं गाव. तिकडं केळीच्या बुडाला पाट वाहतात. ही इथं आली आणि नळाच्या तोटीला फडकं बांधून थेंब धरायला शिकली. कधी कधी म्हणायची, "आमच्या घरी केळीला सोडत्यात तेवढं पाणी हितं माणसाला न्हाई." सासूला ते टोचायचं. सरजाबाई म्हणायची, "मंग केळ व्हायचं हुतंस, सून कशाला झालीस?" आणि दोघी हसायच्या. सासूसुनेचं पटतं असं मी सहसा लिहीत नाही, कारण सहसा पटत नसतं. या दोघींचं पटायचं.

पीठ मळायला पाणी लागतं. पाणी नाही तर भाकरी नाही, भाकरी नाही तर सरजाबाईचा हात रिकामा. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही शिव्या खाऊन. टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. आणि मन्मथप्पाच्या जागेत बोअरला पाणी लागलेलं. पहिले काही दिवस त्यानं गल्लीला भरू दिलं, खोटं कशाला सांगू. मग तीन गल्ल्या लोटल्या, हांड्याला हांडा लागून मारामारी झाली, एकीचं डोकं फुटलं, आणि त्यानं बोअरला खोली बांधून कुलूप घातलं. पुढं ते पाणी फक्त वर जायचं. मोटर सुरू झाली की पाइपातून पाणी मजल्यावर मजला चढत जायचं आणि आम्ही खाली उभं राहून त्याचा आवाज ऐकायचो.

ते वर कुठं जातं हे पहिल्यांदा सरजाबाईला कळलं. नऊमजलीवरचा वॉचमन शिवप्पा उदगीरकडचा, एकटा माणूस, तिच्याकडंच जेवायचा. त्यानंच बोलता बोलता सांगितलं. स्लॅब टाकला की तो वाळून तडकू नये म्हणून त्याच्यावर सिमेंटच्या कालवणाचे छोटे बांध घालतात, कांद्याच्या वाफ्यासारखे, आणि त्यात पाणी धरून ठेवतात. वाफे आटले की पुन्हा भरायचे. सरजाबाईनं भाकरी थापता थापता हात थांबवला.

"म्हंजी वर तळं हाय म्हण की," ती म्हणाली.

शिवप्पाला आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. पण भाकरी खाल्लेला माणूस नाही म्हणू शकत नाही. कामगार संध्याकाळी गेले की त्यानं मागचं पत्र्याचं दार उघडं ठेवायचं, आणि आमच्या गल्लीतल्या चार-पाच बायकांनी वर जाऊन वाफ्यातलं पाणी तांब्यानं हांड्यात भरून आणायचं, असं ठरलं. एका वाफ्यातून सगळं काढायचं नाही, सगळ्यांतून थोडं थोडं काढायचं, म्हणजे सकाळी कळत नाही. हा नेम सरजाबाईनं घालून दिला होता आणि मोडणाऱ्या बाईला ती दुसऱ्या दिवशी वर नेत नसे. गंजातल्या मापाड्यापेक्षा तिचं माप कडक होतं.

त्या पाण्याला सिमेंटचा वास यायचा. रात्रभर ठेवलं की पांढरा गाळ खाली बसायचा, वरचं निवळ घ्यायचं. हमाल म्हणायचे, भाकरी कशी लागतीय आज. सरजाबाई म्हणायची, खावा गप, पोटाला आतून प्लास्टर होतंय, पोती उचलताना फाटायचं न्हाई. तर अख्खं गाव नऊमजलीबद्दल काही ना काही बोलत होतं, प्रगती म्हणत होतं, पाप म्हणत होतं. तिला मनापासून दुवा देणारी माणसं गावात चार-पाचच होती आणि ती सगळी चोर होती.

इमारत चढत गेली तसं पाणीही वर गेलं. पाचव्या मजल्यावर, सातव्यावर. आठव्यापर्यंत पक्का जिना झाला होता. त्याच्या वर जायला कामगारांनी लाकडी शिडी लावली होती, पण ती शिडी लिफ्टच्या पोकळीच्या पलीकडं. लिफ्टची पोकळी म्हणजे तळापासून वरपर्यंत सरळ चौकोनी विहीर, कठडा नसलेली. तिच्यावर एक जाड फळी टाकलेली होती. फळीच्या एका टोकाला लोखंडी पट्टी ठोकलेली. त्या फळीवरून चार पावलं टाकायची, पलीकडं जायचं, शिडी चढायची.

सरजाबाई नेहमी पहिली जायची. फळीच्या अलीकडच्या टोकावर कंदील ठेवायची, स्वतः ओलांडायची, आणि पलीकडं उभी राहून एकेकीला हात द्यायची. कंदील गळका होता. रोज तिथंच ठेवल्यानं फळीवर रॉकेलचा काळपट गोल उमटला होता. शिवप्पा खालून म्हणायचा, बेग बेग. लवकर आटपा, असं त्याच्या कानडीत. बायका त्यावरून त्याला चिडवायच्या, तुझ्या बेगीत आमचा पाय मोडंल.

सिंधुला वर जायला आवडायचं. बाकीच्या पाणी भरून परत फिरायच्या, ती कडेला जरा थांबायची. वर वारा असायचा. खाली गल्लीत नालीचा वास, वर नुसता वारा. पूर्ण गाव पायाखाली. एकदा तिनं विचारलं, "आत्या, हितून अर्धापूर दिसत आसंल का वो?"

"अर्धापूर दिसत न्हाई," सरजाबाई म्हणाली. "हांडा दिसायलाय का तुला? त्यो नीट धर."

पण घरी आल्यावर तीच गल्लीत सांगत होती, आमची सिंधु वरून माहेर बगती म्हणून. कौतुकानं सांगत होती.

शेवटचा स्लॅब पडला. नववा. त्याच्या कडेला केसासारखी बारीक चीर दिसली म्हणे. मुकादम बसवंतनं वाफे पाहिले, पाणी कमी. आणि गाळात बायकांच्या पायाचे ठसे, एकाला जोडव्याची खूण. मन्मथप्पाला कळलं. तो काही राक्षस नव्हता. गळ्यात लिंग, सकाळी पूजा झाल्याशिवाय चहा न घेणारा माणूस. पण त्याचा सगळा जीव त्या इमारतीत अडकलेला होता, आणि चीर स्लॅबला नाही, आपल्या कपाळाला पडली असं त्याला वाटलं. त्यानं बसवंतला एवढंच सांगितलं की ही पाण्याची चोरी आजच्या आज बंद कर. वॉचमन फितूर आहे हेही त्याला कळलं होतं. शिवप्पाला त्याच दुपारी पगार देऊन गावी पाठवलं, गल्लीत येऊन निरोप सांगायला सवड दिली नाही. दुसरा वॉचमन समोरच्या फाटकावर बसवला. मागच्या पत्र्याच्या दाराबद्दल त्याला कुणी बोललं नाही. ते उघडंच राहिलं.

आणि बसवंतनं कामगार उतरल्यावर फळी काढली.

दार बंद करता आलं असतं. फळीच्या जागी काटेरी झुडूप टाकता आलं असतं. गल्लीत येऊन दोन आई-बहिणीवरच्या शिव्या देता आल्या असत्या. आम्हांला शिव्या समजतात. आमच्या इथं कुणाची वाट बंद करायची तर ती तोडतात, आणि तोडली म्हणून सांगत नाहीत. शेताचा बांध असाच रात्रीतून फोडतात, विहिरीचा दोर असाच कापतात. ज्याला जायचं त्यानं जाऊन बघावं. गावाची रीतच आहे ही, आणि ती किती घाण आहे हे कुणी बोलत नाही, कारण सगळ्यांनी कधी ना कधी ती वापरलेली असते.

त्या संध्याकाळी सरजाबाई वर गेली नाही. गंजात तुरीचा माल उतरला होता, हमाल रात्रीपर्यंत थांबणार होते, त्यांना भाकरी पाहिजे होती. तिनं तव्यावरून मान न काढता सिंधुला म्हटलं, तू हो म्होरं, कंदील घिऊन जा. सिंधु म्हणाली, कंदील राहू द्या, तुम्हांला चुलीपुढं लागंल, लाईट न्हाई. पायाला वाट पाठ हाय माझ्या.

म्हणून ती पुढं झाली, डोक्यावर रिकामा हांडा, आणि मागं तिघी बायका. दिवेलागणीची वेळ, गावात लाईट नव्हती, आठव्या मजल्यावर नुसता करडा उजेड. मागच्या बाईनं नंतर सांगितलं की सिंधु बोलत बोलत चालली होती. चालता चालता तिनं नेहमीच्या जागी पाय टाकला.

बायकांना आधी हांड्याचा आवाज आला. मजल्यामजल्याला आपटत, खाली जात जात बारीक होत गेलेला. तिचा आवाज आलाच नाही.

सरजाबाईलाही तो हांड्याचा आवाज ऐकू आला होता. तव्यावर भाकरी होती. ती नंतर म्हणायची, मला वाटलं कामगारांचं घमेलं पडलं, म्हणून मी भाकरी पलटली.

पोलीस आले, पंचनामा झाला. पाय घसरून पडली असं लिहिलं. वर का गेली होती, तर इमारत बघायला. आमच्या तिघी बायकांनी हेच सांगितलं. कारण पाणी आणायला म्हटलं असतं तर चोरीचा आळ आला असता. त्या घाबरलेल्या होत्या, मी त्यांना दोष देत नाही. पण त्यांनी तसं सांगितलं हे खरं.

ग्यानोबाला हैदराबादेत निरोप पोचायला उशीर झाला. तो आला तेव्हा सगळं उरकलं होतं. ट्रकवरच्याच कपड्यांत अंगणात बसला, आईला काही विचारलं नाही, दोन दिवसांनी पुन्हा ट्रकवर गेला. सिंधुचा बाप किशनराव मात्र वेळेत आला होता. अर्धापूरहून, धोतर, टोपी, हातात केळीची फणी. निरोप्यानं त्याला पोर आजारी आहे एवढंच सांगितलं होतं. ती फणी त्यानं दारात ठेवली ती तशीच राहिली, काळी पडेपर्यंत.

माती झाल्यावर त्यानं सरजाबाईला विचारलं, नेमकं काय झालं. तिनं त्याला खरं सांगितलं. सगळ्या गल्लीत त्या दिवशी खरं बोलणारी ती एकटी. म्हातारा गल्लीच्या तोंडाशी जाऊन नऊमजलीकडं बघत उभा राहिला. मान किती वर करावी ते त्याला कळेना.

"पाण्याला वर गेली?" तो म्हणाला. "बाई, पाणी खाली असतंय. आमच्याकडं पाण्याला खाली उतरत्यात माणसं. पाण्याला वर कोण जातंय?"

 

मग गाव बोलू लागलं. गावाला पंचनाम्यातलं घसरणं आवडलं नाही, फार किरकोळ होतं ते. एवढी नऊ मजल्यांची वास्तू, तिला साजेसं काहीतरी पाहिजे होतं. तीन दिवसांत टपरीवर ठरून गेलं की वास्तूनं बळी घेतला. मोठं बांधकाम बळी मागतंच. जुने पूल, किल्ले, धरणं, सगळ्यांची उदाहरणं निघाली. औशाच्या किल्ल्याच्या बुरुजातही म्हणे एक बाई चिणलीय. कुणी पाहिली नाही, पण सगळ्यांना तिचं वय ठाऊक होतं. चिरेचंही निघालं. बळी मिळाला, आता चीर वाढायची नाही, इमारत हजार वर्षं उभी राहील. पारावरचे म्हातारे, जे कळसाच्या वर चूल म्हणत होते, तेही निवळले. देवाणघेवाण झाली म्हणायचे. शिंपी म्हणाला, आता पाऊस पण येईल बघा.

हे सगळ्यांच्या सोयीचं होतं, हे सांगायला हवं. वास्तूनं बळी घेतला म्हटलं की मन्मथप्पा सुटला, बसवंत सुटला, पाणी चोरणाऱ्या बायका सुटल्या, आणि ज्या गावानं प्यायचं पाणी स्लॅबला पाजताना बघितलं ते गावही सुटलं. एक सरजाबाई तेवढी सुटली नाही.

ती भेटेल त्याला सांगायची. "पाय घसरला न्हाई तिचा. पाय बरोबर पडला. फळी नव्हती." हमाल मान हलवायचे आणि भाकरीत तोंड घालायचे. एक जण म्हणाला, मावशी, आता ती देवी झाली, देवीबद्दल असं बोलू नये.

देवी खरंच झाली. नऊमजलीच्या मागच्या कोपऱ्यात, पत्र्याचं दार होतं तिथं, कुणीतरी एक दगड आणून ठेवला. कुणी शेंदूर फासला. मंगळवारी हळदी-कुंकू, नारळ. सिंधुआई. कामगार सकाळी वर जाण्याआधी पाया पडू लागले. मन्मथप्पानं तिथं छोटा ओटा बांधून दिला, आणि ओट्याला लागून बोअरच्या पाण्याची एक तोटी काढून दिली. संध्याकाळी तासभर सुरू. आमच्या गल्लीला पाणी मिळालं. वर्षभर हात जोडून मिळालं नव्हतं ते मिळालं. बायका आधी दगडाला कुंकू लावायच्या, मग हांडा भरायच्या. त्या दिवशी सिंधुच्या मागं चालणाऱ्या तिघीही भरायच्या. म्हणायच्या, सिंधुआईचं पाणी गोड हाय. आणि ते गोड होतंच. जमिनीतलं ताजं पाणी, त्याला सिमेंटचा वास नव्हता.

सरजाबाई त्या तोटीला गेली नाही. ती दोन गल्ल्या पलीकडून, एका जुन्या आडातून, पिवळं पाणी शेंदून आणायची. तिच्या भाकरीला आता मातीची चव यायची. काही हमाल दुसरीकडं जेवायला लागले.

मन्मथप्पा एकदा तिच्या घरी आला. पत्र्याला डोकं लागू नये म्हणून वाकून आत आला, खाली घोंगडीवर बसला. शरमिंदा होता, हे तिलाही दिसलं. तो बराच वेळ देवाधर्माचं बोलत राहिला, सिंधुच्या नावानं दरवर्षी अन्नदान करीन म्हणाला, ग्यानोबाला इमारतीत नोकरी देतो म्हणाला. सरजाबाईनं ऐकून घेतलं.

"मला काय नगं अप्पा," ती म्हणाली. "तुमी एकदा गंजात, चार लोकांत म्हणा. फळी आमी काढली हुती आणि सांगितलं न्हवतं. एवढंच म्हणा."

 मन्मथप्पा म्हणाला, "म्हणून काय ती परत येतीय का, अक्का?"

"न्हाई येत. पर लोकांच्या तोंडी ती घसरून तर पडायची न्हाई ना रोज."

तो उठला. जाताना दारातल्या नालीवरून लांब ढांग टाकून गेला, कारण तिथं पाय ठेवायला काही नव्हतं.

दसऱ्याच्या पुढं नऊमजलीचं उद्घाटन झालं. पाऊस तोवर आला नव्हता. शिंपी म्हणायचा, यायलाच लागलाय, वाटेत औशाला अडकला आसंल. मुंबईहून मोठा माणूस येणार होता. इमारतीला लाईटीच्या माळा सोडल्या होत्या, बँड होता, आणि त्या दिवशी लाईट गेली नाही. गाव सगळं समोरच्या बाजूला लोटलं. लिफ्टीत बसायला रांग लागली होती. आत चढताना माणसं चप्पल काढायची. वर जाऊन खाली आलेला माणूस बाहेर येऊन सांगायचा, पोटात कसं होतंय बघा. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. लिफ्ट वरखाली होत राहिली, दिवसभर, त्याच पोकळीतून.

सरजाबाई घरातून निघाली. गेले कित्येक महिने ती खाली मान घालून चालायची, कारण मान वर केली की नऊमजली. आडाकडं जाताना नऊमजली, गंजात जाताना नऊमजली. एकदा ती औशाला बहिणीकडं गेली होती, मन हलकं करायला, आणि परतताना एसटीत सगळी माणसं खिडकीला लोंबली आणि मजले मोजू लागली. तेव्हापासून ती गावाबाहेर गेली नव्हती.

उद्घाटनाला मात्र ती आली. समोरून आली नाही, मागून आली. मागं कुणी नव्हतं. शेंदराच्या दगडापुढं नारळाच्या शेंड्या पडल्या होत्या. तिकडं तिनं बघितलं नाही. पलीकडं बसवंत कामाचं उरलेलं सामान ट्रकमध्ये भरत होता. बांबू, पत्रे, फळ्या. दोन माणसं जेवायला गेली होती, तो एकटाच होता.

ती फळ्यांच्या ढिगाशी गेली आणि एकेक फळी ओढून बघू लागली. बसवंतनं आधी हटकलं, मग ओळखलं आणि बाजूला झाला. लोखंडी पट्टीच्या दोन-तीन निघाल्या. ती पट्टी बघायची नाही, टोकावर हात फिरवायची. मग एका फळीवर तिचा हात थांबला. पट्टीच्या जवळ रॉकेलचा काळपट गोल होता. तिच्या कंदिलाचा.

समोर बँड वाजत होता. बसवंत जवळ आला. तिच्याकडं न बघता, फळीकडं बघत म्हणाला, "अप्पा पाणी बंद कर म्हणले हुते. फळी काढ म्हणले न्हवते. फळी म्या काढली."

"हे तिकडं म्हण," ती म्हणाली. "म्होरल्या बाजूला."

त्यानं मान हलवली. हो अशीही नाही आणि नाही अशीही नाही. तिनं पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि फळी उचलायला वाकली. फळी तिला एकटीला उचलणार नव्हती. ओली नसली तरी जाड सागवानी होती. बसवंतनं दुसरं टोक धरलं आणि तिच्या डोक्यावर ठेवून दिलं. तेवढंच त्यानं केलं. पुढच्या बाजूला तो गेला नाही, आजपर्यंत गेलेला नाही.

गल्लीत जायची वाट मागूनही होती, पण सरजाबाई ती फळी घेऊन समोरून गेली. गर्दीतून, माळांच्या खालून, बँडवाल्यांच्या मधून. लांब फळी, दोन्ही बाजूंना डोलणारी. लोकांनी डोकी वाचवायला वाट दिली. कुणी म्हणालं, म्हातारीनं सरपण मिळवलं वाटतं. मन्मथप्पा मोठ्या माणसाच्या शेजारी उभा होता, गळ्यात हार. त्यानं बघितलं. त्यानं फळी ओळखली की नाही मला सांगता येत नाही, पण तो हसत होता तो थांबला, आणि फोटोवाल्याला पुन्हा फोटो काढावा लागला.

घरी येऊन तिनं ती फळी दारापुढच्या नालीवर टाकली. पट्टीचं टोक उंबऱ्याकडं, रॉकेलचा गोल वर. दोन्ही बाजूंना दगड लावून ठोकून बसवली, हलणार नाही अशी.

पुढं कधीतरी पाऊस आला. नऊमजलीचं कौतुकही जुनं झालं, आता तिच्याहून उंच इमारती गावात आहेत. सिंधुआईला पत्र्याचं छत आलंय. पंचनाम्यात ती घसरलेली आहे, गावाच्या तोंडी ती बळी गेलेली आहे, आणि ओट्यावर ती देवी आहे.

सरजाबाईच्या दारात हमाल अजून जेवायला येतात. नालीवरच्या फळीवरून आत यावं लागतं. चुलीपुढं बसलेली सरजाबाई मान वर करत नाही, भाकरी थापत असते, पण फळीवर पाय वाजला की बोलते. रोज, प्रत्येकाला, नवा असो जुना असो.

"या," ती म्हणते. "टाका पाय. हाय फळी."